अक्रोड फोडायचा दगड

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार. अ‍ॅशबर्न, अमेरिका

राजीवची पाठ — तशीच. सूनबाई रुपालीचा खोकला — उतारावर. नात इलाचा गुडघा — खपली धरली. आणि माझं बीपी? आज विचारूच नको, सोसायटीच्या मीटिंगला गेले होते!

घरामागचा चुनखडीचा खडक सुरुंग लावून उडवणार म्हणे. का? तर पिकलबॉलचं कोर्ट! चेंडू टोलवायला जागा कमी पडतेय यांना!

मी उभी राहिले. मराठी-इंग्रजी, तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, त्या खडकाच्या कपारीत हजारो वर्षांपूर्वी माणसं पावसात आडोशाला टेकली असतील, चूल मांडली असेल. प्रेसिडेंटबाई गोड हसल्या — "सर्व्हे झालाय. नथिंग देअर." सर्व्हे कसला! सर्व्हेवाल्यानं चार भोकं पाडली, सँडविच खाल्लं आणि गेला. मी खिडकीतून पाहिलंय.

आणि हा शेजारचा अमन! तिथलेच दगड ढकलगाडीतून आणून अंगणात शेकोटीचं कडं केलंय. भर सभेत म्हटलं, "पुरावा कुठाय विचारता? याच्या अंगणात बघा!"

"काकू, यार, जस्ट रॉक्स आहेत!" कान लाल झाले त्याचे. बरं झालं.

७ ऑक्टोबर

राजीव म्हणतो, "आई, चिल." नाही होणार चिल! सातवी शिकलेय, पण इथल्या जुन्या माणसांवरची नऊ पुस्तकं लायब्ररीतून आणून, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलीत. त्या सर्व्हेवाल्यानं एक तरी वाचलं असेल?

९ ऑक्टोबर

सुरुंग वीस तारखेला. ऐन दिवाळीत! आमच्या फुलबाजीला यांची परवानगी लागते!

११ ऑक्टोबर, शनिवार

नेत्रा आली — रुपालीची मामेबहीण, ॲन आर्बरच्या विद्यापीठात पुरातत्त्वात पीएचडी करते. संध्याकाळी तिला खडक दाखवायचं ठरलं. तोवर मी बर्फीसाठी अक्रोड फोडत बसले. माझा नेहमीचा दगड — मधोमध खळगा, अक्रोड कसा नेमका बसतो!

नेत्रानं चहाचा कप खाली ठेवला.

"काकू, हा कुठून आणलात?"

"मागच्या कपारीतून. तीन वर्षं झाली. अर्धा पुरलेला होता, उलथन्यानं उकरला."

तिनं तो उचलून उजेडात धरला. "हा चुनखडक नाही. कुणीतरी नदीवरून वाहून आणलाय. आणि हा खळगा आपोआप पडलेला नाही. तुम्ही करताय तेच कुणीतरी यावर करत होतं. फार फार पूर्वी."

मी टाळीच वाजवली! सापडला पुरावा!

ती काही हसली नाही. "धुतलात कधी?"

"दर शुक्रवारी. तारेच्या घासणीनं."

"अरे देवा... यावर काय फोडत होते, ते खळग्यात अडकलेल्या कणांवरून कळलं असतं. आणि काकू, हा होता तिथेच राहिला असता ना, तर सर्व्हेवाल्यालाही दिसला असता."

अक्रोड हातातच राहिला.

खडक बघायला गेलो. कपारीत, डाव्या अंगाला, माझ्या उलथन्याचा खड्डा तसाच आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आधी अमनकडे जाऊन माफी मागितली. मग सोसायटीला ईमेल. नेत्रानं इंग्रजी नीट केलं, मजकूर माझा —

"पुरावा मी नेला. सर्व्हेवाल्याची चूक नाही, अमनची नाही. दगड घेऊन येते, खड्डा दाखवते, चुकीपुढे नाव माझं लिहा. पण सुरुंगाआधी, वीस तारखेच्या आत उत्तर द्या. लवकर द्या. वाट बघतेय."