माझी पेंड, त्याचा रोहू

८ मार्च १९९८, रविवार संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. गेले चार दिवस कामावर जायच्या आधी वाट वाकडी करून भोगावतीच्या डोहात शेंगदाण्याची पेंड टाकत होतो. मासा तिथं खायला सोकावला की रविवारी गळ टाकायचा. आज पोचलो तर माझ्या जागेवर माझा मेव्हणा! शेजारी हातभर रोहू.

"दाजी, नदी काय तुमच्या बापाची हाय व्हय?" वर दात काढतोय.

न्हाय. पण पेंड माझी होती की!

आणि निर्लज्ज तो मासा घेऊन माझ्याच घरी आला. त्याच्या बायकोला मासळीचा वास चालत न्हाय म्हणे. हिनं, म्हणजे त्याच्या बहिणीनं, विळी माझ्यापुढं सरकवली. पोट फाडलं तर आत काय? माझीच पेंड.

याला कळलं कसं? घराबाहेर मी एक अक्षर बोललो नव्हतो.

जेवताना हिनं मुंडकं भावाच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं, रविवारी ह्यांच्या आधी जा म्हणून?"

ताट सरकवून उठलो. "बसा" म्हणालं न्हाय कुणी.