आईच्या चित्राची फ्रेम

ता. ४ फेब्रुवारी

चि. खिळ्यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर दोन वाक्यं झाली की तू गिऱ्हाईक आल्याचं सांगून मला कटवतोस, म्हणून पत्र लिहिते.

तू एवढी शिफारस केलेल्या नदीकाठच्या ऐतिहासिक गेस्ट हाऊसमध्ये येऊन तीन दिवस झाले. गुडघ्यांना आराम मिळेल म्हणाला होतास. जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत, आणि कठडा ऐतिहासिक असल्यामुळे त्याला धरायचं नाही. खोलीत खुर्च्या चार, त्यांतल्या तीन फक्त बघायच्या. न्हाणीघरातसुद्धा एक संगमरवरी बाई उभी आहे. तिच्या डोक्यावर टॉवेल टाकून मी आंघोळ उरकते. भिंतीवर वीतभर जागा रिकामी नाही. निम्म्या फ्रेमा तुझ्या हातच्या, हे कोपऱ्यांवरून ओळखलं. कोपरे छान जुळवतोस, तेवढं मान्य.

मालकाला मी मनातल्या मनात कलामहर्षी म्हणते. रोज चार वाजता तो पाहुण्यांना चित्रं दाखवत फिरवतो. चहा त्यानंतरच मिळतो, त्यामुळे कलेला गर्दी फार. काल गुडघ्यांची समजूत काढून मीही पहिल्यांदा वर दिवाणखान्यात गेले. मधल्या भिंतीवरच्या चित्रापुढे वरात थांबली. हे एका अज्ञात गुरूचं काम, असं त्यानं सांगितलं. गुरू याच नदीकाठी एकटा राहिला, वेड लागून गेला, सही कधी करायचा नाही. चित्रातला दोरीवर वाळणारा हिरवा फ्रॉक म्हणजे त्याचं हरवलेलं बालपण. एका बाईनं तर मोठा उसासा टाकला.

खिळ्या, तो फ्रॉक माझा आहे. मी चिखलात पडले होते म्हणून धुतला होता. शेजारी बाबांचा रेघांचा शर्ट आहे, आणि नदी म्हणजे आपल्या घरामागचा ओढा. आईनं आठ दुपारी बसून रंगवलेलं ते चित्र तुझ्या दुकानाच्या माळ्यावर असायला हवं, ते इथे कसं आलं? तिची सही खाली डाव्या कोपऱ्यात होती, ती कुठे गेली? आयुष्यात तिनं हे एकच चित्र पुरं केलं. त्यावर तिचं नाव लागल्याशिवाय मी इथून हलणार नाही. उलट टपाली खुलासा कर.

तुझी ताई


ता. ८ फेब्रुवारी

ति. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचताना मुख्याध्यापिकेसमोर अंगठे धरून उभा असल्यासारखं वाटलं. तू निवृत्त झालीस हे तुला कुणीतरी सांगायला हवं.

सरळ सांगतो. कलामहर्षींनी माझ्याकडून साठ फ्रेमा करून घेतल्या, तेव्हा त्यांची एक भिंत रिकामी राहत होती. दुकानात ते चित्र त्यांच्या नजरेस पडलं, आवडलं, मी देऊन टाकलं. तुला विचारायला हवं होतं. पण आई गेल्यावर मी ते आधी तुझ्याकडेच आणलं होतं. तुझ्या पडद्यांच्या रंगाशी ते जुळत नाही म्हणून तू परत पाठवलंस, आठवतं का?

सहीचं म्हणशील, तर तयार फ्रेम दोन बोटं आखूड निघाली. घाईत कापताना खालची कड चुकून गेली. पण धीर सोडू नकोस. आम्हा फ्रेमवाल्यांना एक खोड असते. काचेमागे चित्र खुळखुळू नये म्हणून उरलेली कात्रणं आम्ही मागच्या पुठ्ठ्याखाली भर म्हणून कोंबतो. तो तुकडा तिथेच असणार. पुठ्ठ्याला आठ खिळे आहेत, बोथट सुरीनं निघतील. मालकांना विचारून उघड. तू न विचारता उघडशील हे मला माहीत आहे, म्हणून काच तेवढी जप.

राग निवळला की माया आहे तशीच असू दे.

तुझा खिळ्या


ता. १३ फेब्रुवारी

चि. खिळ्यास आशीर्वाद, सध्या निम्मेच.

पडद्यांचं खरं आहे. मी सोयीस्कर विसरले होते. वाचून लाज वाटली.

काल चार वाजता सगळ्यांदेखत मी फ्रेम उघडायची परवानगी मागितली. आत गुरूची सही असू शकेल म्हटल्यावर कलामहर्षी स्वतः लोण्याची सुरी घेऊन धावला. खिळे सहाच होते. तुकडा निघाला. आईचं नाव, तिच्या गोलगोल अक्षरात, काना-मात्रेसकट. मला तिथेच रडू फुटलं. मग डोळे पुसून मी सांगितलं की ही माझी आई. ती वेडी नव्हती, आणि एकटी तर मुळीच नव्हती. दिवसातून तासभर जरी एकटेपण मिळालं असतं तर तिनं अजून चित्रं काढली असती.

उसासेवाल्या बाईला तर रंग पहिल्यापासूनच जरा घरगुती वाटत होते म्हणे! कलामहर्षीनं खुलासा केला की त्याच्या संग्रहात हौशी गृहिणींची कामं बसत नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला. चहाआधीच चित्र उतरवून इस्त्रीच्या खोलीत ठेवलंसुद्धा. मी ते मागितलं, त्यानं दिलं. नाव मिळालं आणि भिंत गेली. जाऊ दे, माझ्या घरी भिंती आहेत. पडदे बदलीन.

आता तुझ्याकडे वळते. त्या तुकड्याच्या कडेला पेन्सिलीची रेघ आहे, फूटपट्टी लावून आखलेली. चित्रात वर हातभर नुसतं आभाळ आहे, दोन बोटं तिथून सहज गेली असती. चुकून कापणारा माणूस आधी रेघ आखतो का रे? खरं लिही. माया कमी करणार नाही, पण खरं हवं.

तुझी ताई


ता. १७ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न.

चुकून नाही कापलं.

आईनं आभाळ फार सुरेख साधलं होतं, त्याला सुरी लावायला जीव होईना. खाली गवत होतं आणि नाव होतं. वाटलं, आईचं नाव कोण बघणार आहे? म्हणून नीट रेघ आखून कापलं.

तेहेतीस वर्षं फ्रेमा करतोय. परक्यानं पोराच्या हातची रेघोटी आणली, तरी मी कधी चित्राला सुरी लावली नाही. फ्रेम लहान पडली तर नवी करून दिली. हे आईचं होतं, तक्रार करायला कुणी येणार नव्हतं, म्हणून फ्रेम ठेवली आणि चित्र कापलं.

तुझी पत्रं वाचून मी कलामहर्षीला पोटभर हसलो. मग रेघेचं वाचलं. त्यानं आईला भिंतीवरून काढलं ते तिचं नाव कळल्यावर. मला तर ते पहिल्यापासून माहीत होतं.

चित्र घेऊन थेट दुकानात ये. रागावलीस तरी चालेल, पण माझ्याशी बोलणं टाकू नकोस.

तुझा
खिळ्या