पार्किंगमधून सुटका, व्हाया जपान

३ मे
ठरलं. यंदा हेझल्बी हॉल या जुन्या हवेलीतल्या जपान महोत्सवात मी पार्किंगला उभा राहणार नाही. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी तेच. पिवळं जाकीट, पायाखाली चिखल, आणि लोक गाडीची काच खाली करून विचारणार, आत काय काय आहे हो? मला काय माहीत? मी आत कधी गेलोय? यंदा मी मुख्य हिरवळीवर तंबूत बसून जपानी चहाचा विधी करणार. व्हिडिओ बघायला घेतलेत. अवघड काही नाही. चहाच तर आहे.

४ मे
समितीच्या अध्यक्ष पेकोव्हरबाईंना सांगितलं. म्हणाल्या, फार धाडसी कल्पना आहे, रोलंड, नक्की विचार करू. हिलरी म्हणते, अरे वेड्या, बाई 'धाडसी' म्हणाल्या म्हणजे नाही म्हणाल्या. आमची ही पहिल्यापासून निराशावादी. किमोनो मागवला.

९ मे
आमच्या दाताच्या डॉक्टरांच्या बायकोकडे, कुवाबाराबाईंकडे गेलो. म्हटलं, त्या जपानी, जाणकार डोळ्यांखालून गेलेलं बरं. चहा घुसळून दाखवला. म्हणाल्या, वा, फेस छान आलाय. मग म्हणाल्या, मला विचारू नका हं, मी हा विधी शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला. पाय बधिर झाले, उठताना मास्तरीणबाईंच्या अंगावर पडले. घरी आम्ही कॉफी पितो.
वाईट वाटलं. आपलीच परंपरा आपल्याला ठाऊक नसावी? बराच वेळ समजावून सांगितलं. निघताना म्हणाल्या, तुमच्या जागी पार्किंगला मी उभी राहू का? शिट्टी मिळते ना? लगेच घरून जाकीट आणि शिट्टी आणून दिली. परतीचे दोर कापले.

१७ मे
संकल्प: रोज सकाळी गुडघे मुडपून बसायचा सराव.

१८ मे
आज नाही. गुडघा.

१९ मे
आजही नाही. पाऊस. (सराव घरातच आहे, पण मूड जातो.)

२६ मे
किमोनो आला. पाठीवर ड्रॅगन. हिलरी म्हणाली, बाथरोब छान आहे. कलावंताने घरच्यांकडून अपेक्षा ठेवू नये.

२ जून
तंबू मिळाला. हिरवळीवर नाही, जुन्या तबेल्याच्या मागे, पायवाटेवर. पेकोव्हरबाई म्हणाल्या, तिथे तुला शांतता मिळेल. बाईंना विधीची समज आहे, हे मला माहीतच नव्हतं.

१४ जून, सकाळ
महोत्सव. लांबून ढोल ऐकू येतायत. तंबूत मी, पाण्याची किटली आणि शांतता. एक कुत्रा येऊन गेला. त्याला रस होता.

१४ जून, दुपार
रांग लागली. माझ्या तंबूपाशी. तबेल्याला वळसा घालून पार तळ्यापर्यंत. उभ्या उभ्या लिहितोय, अक्षर वाकडं येतंय.
एकेकाला आत बसवतोय, वाडगं सावकाश फिरवून हातात देतोय. सगळे म्हणतात, लव्हली. एक गृहस्थ डोळे मिटून, पाय जुळवून डोलत होते. समाधीच लागली असावी. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा पिऊन झाला की लोक तंबूच्या मागच्या दाराने अक्षरशः धावत सुटतात. भावना आवरत नसणार. एकाने विचारलं, अजून किती वेळ? त्याला म्हटलं, घाई हाच तर आपला रोग आहे. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या पायावर उभा राहिला.
निवृत्तीनंतर इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

१४ जून, संध्याकाळ
हिलरी किटली विसळायला तंबूच्या मागे गेली आणि हसतच परत आली. मागे टॉयलेट आहेत. दोन. वाट माझ्या तंबूतूनच जाते. लोकांना वाटलं, आधी चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. इंग्रज माणूस. विचारणार कसा?
मी म्हटलं, सगळेच काही त्यासाठी आले नसतील. हिलरी म्हणाली, खरंय, मागच्या निम्म्यांना रांग कशाची तेच माहीत नव्हतं. रांग दिसली म्हणून उभे राहिले.
जेवलो नाही.

२१ जून
समितीची बैठक. पेकोव्हरबाई उभ्या राहून म्हणाल्या, टॉयलेटच्या रांगेबद्दल एकही तक्रार न येण्याची ही पहिलीच वेळ, आणि याचं श्रेय रोलंडचं. टाळ्या. पुढच्या वर्षीपासून ती रांग कायमची माझ्याकडे. बाई हळूच म्हणाल्या, फक्त चहा नको हं. चहाने ती वाढते.
मी घसा खाकरून विचारलं, पार्किंगचं काय? म्हणाल्या, छे, ते आता कुवाबाराबाईंकडे. यंदा एकही गाडी चिखलात रुतली नाही. बिशपसाहेबांनासुद्धा शिट्टी मारून गाडी मागे घ्यायला लावली.
कुवाबाराबाईंनी लांबून हात केला. माझं पिवळं जाकीट त्यांना शोभतं. खरं सांगायचं तर मला रडू आलं.
नवं जाकीट मिळालं. नारिंगी.
किमोनो हल्ली हिलरी आंघोळीनंतर घालते. बाथरोब म्हणून छान आहे.