टँटी युलालीच्या आजीचं ताट

सौ. हेस्टरताईस धाकट्या मर्लीनचा मनापासून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून रमलाच औषध म्हणतात? मी बरी आहे, म्हणजे जिवंत आहे. पण ताई, मी हादरलेय गं!

शनिवारी बार्बाडोसला परतायचं आणि सोमवारी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसायचं, हे ठरलेलंच होतं (त्या खुर्चीसाठी तू किती उंबरे झिजवलेस, मला ठाऊक आहे). कारियाकू बेटावरच्या या डोंगरातल्या शाळेत तीन महिने फुकट शिकवायचं कबूल केलं होतं, शिकवलं. माझ्यामागे सहावीला शिक्षक नाही आणि परीक्षा चार महिन्यांवर. वर्गातली केझिया परवा पहिल्यांदाच अख्खं पान न अडखळता वाचून गेली आणि मी पोरांदेखत ढसाढसा रडले. पण नोकरी ती नोकरी.

तर गेल्या गुरुवारी चाचणी ठेवलेली, आणि शाळेत एक पोर नाही! का, तर माझी घरमालकीण टँटी युलाली (इथे प्रत्येक म्हातारी टँटीच) हिच्या स्वप्नात तिची मेलेली आजी आली आणि भूक लागलीय म्हणाली. झालं! मेलेल्या माणसाने जेवण मागितलं की इथे गावजेवण घालावंच लागतं. दोन बकरे कापले, ढोलवाले आले. मी तणतणत गेले, स्वप्नापायी शाळा बुडवता म्हणून. टँटी मटणाचा हंडा ढवळता ढवळता म्हणाली, "बाई, तुमची चाचणी सोमवारीही होईल. आजीला काय सोमवारपर्यंत उपाशी ठेवू?"

कपाळ माझं! सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता आणि अंगणात ही एवढी रांग. आतल्या खोलीत डोकावले तर पांढरीशुभ्र चादर घातलेलं टेबल, त्यावर मटण, ओल्या तुरी, मक्याच्या पिठाचं कू-कू (आपल्याकडच्यापेक्षा मऊ, कबूल करते) आणि रमचा पेला. म्हटलं, चला, बाईंचा मान ठेवला म्हणायचा! बसले आणि चाटूनपुसून खाल्लं. रमसुद्धा. वळून पाहते तो दारात अख्खं गाव उभं आणि ढोल बंद. केझिया कुजबुजली, "बाई, ते आजीचं ताट होतं." ताई, त्या ताटाला जिवंत माणूस बोट लावत नाही गं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

कुणी रागावलं नाही, हे तर त्याहून भयंकर. दुसऱ्या दिवशी सकाळीच टँटी दारात हजर. आजी पुन्हा आली होती म्हणे. जिने माझं ताट खाल्लं ती आपल्या घरची, तिला जाऊ देऊ नका, असं बजावून गेली. आणि गावाने ते मान्य केलं! सुतार न विचारताच माझ्या खोलीत पुस्तकांसाठी फळ्या ठोकून गेला. शनिवारी निघतेय म्हटलं की सगळे हसतात, आजीला विचारलंत का म्हणतात. मी गणिताची बाई! एका म्हातारीच्या स्वप्नाने मला अडवायचं? असला अडाणीपणा मी मुळीच खपवून घेणार नाही.

तुझी,
मर्लीन

ता. क. शनिवारी मला न्यायला येऊ नकोस.

आणखी एक. माझा जाड भिंगांचा चष्मा, मोठा शब्दकोश आणि माळ्यावरची सहावीची पुस्तकं बोटीने पाठव. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं.

शेवटचं. तू संतापशील, पण काल माझ्या स्वप्नात आपली आई थेट देवाघरून आली होती. म्हणाली, हेस्टर आकांडतांडव करेल, तू वर्ग सोडू नकोस. आईचा शब्द मोडायची माझी छाती नाही. तुझी असेल तर तूच तिच्याशी बोल.