आखाजीला न घेतलेलं नाव

माय, आज आखाजी, शाळेच्या कॅलेंडरात जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती. घागर भरली, तिच्यावर खरबूज, आपलं डांगर, ठेवलं, सांजोऱ्या आणि दोन आंबे ठेवले, निखाऱ्यावर घास टाकून पितरांना आगारी दिली. मग आम्ही दोघं बहीणभाऊ जेवलो. तुझा लाडका आता पुढच्या खोलीत खाटेवर झोपला आहे आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून लिहायला बसले आहे. घर हिवाळ्यापासून बंद होतं, सकाळी येऊन आधी कोळ्याची जाळी काढली. रस त्याने दोन वाट्या खाल्ला. पहिली वाटी त्यालाच दिली, काळजी करू नकोस. हे बघ, तुझ्याशी बोलायला लागले की माझ्या तोंडून असंच निघतं. इतकी वर्षं शाळेत पोरांना 'नीट बोला' म्हणून शिकवते, आणि तुझ्यापुढे आले की माझीच जीभ वाकडी होते.

आखाजी तर पोरींची. सासरहून लेकी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गल्लीत गाणी चालतात. आपल्या दारातल्या झोक्यावर पहिलं कोण बसायचं, आठवतं? तो. मी चार वर्षांनी मोठी, नवीन बांगड्या भरून दोर धरून उभी, आणि तू त्याला मांडीवर घेऊन झोके देते आहेस. मी तोंड फुगवलं की ठरलेलं वाक्य यायचं, "तू मोठी शे ना, तुले समजस. त्याले नही समजत." मला समजायचं, म्हणून मला काही मिळायचं नाही, आणि त्याला समजत नव्हतं म्हणून सगळं मिळायचं. खापरावरची पहिली पोळी त्याची, दुधावरची साय त्याची, बाप रागावला की लपायला तुझा पदरही त्याचाच. मी तुझ्या पदरात कधी लपले असेन तर ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर तुझ्याजवळ असू दे.

पण मला खरी जी गोष्ट टोचते ती झोक्याची नाही, भगोन्याची आहे. मी पहिल्या बाळंतपणाला आले होते. मागच्या खोलीत खाटेवर पडले आहे, कुशीत पोरगी, शेकायला शेगडी, आणि आंघोळीचं पाणी कधी तापतंय म्हणून स्वयंपाकघराकडे डोळे लावून बसले आहे. तो तेव्हा मोटारसायकलवरून पडून पाय मोडून घरी होता. दुखतं म्हणून कोणीतरी त्याला सुई देऊन जायचा. पाय बरा झाला, सुई काही सुटली नाही. पुढे तो स्वतःच टोचून घ्यायला लागला, हे तुला माझ्या आधी कळलं होतं. त्या सकाळी माझ्या पाण्याचं भगोनं चुलीवर होतं आणि त्यात बुडबुड्यांबरोबर त्याची सिरिंज वर-खाली होत होती. मी विचारलं, "माय, हाई काय उकयी ऱ्हायनी?" तू मागे वळून न पाहता म्हणालीस, "बाहेर जाईन घानेरडी सुई टोची लेस तो. घरमा शे तवलोंग मन्हा डोयासमोर शे." मग चिमट्याने ती सिरिंज काढलीस, स्वच्छ फडक्यावर ठेवलीस, त्याचा दंड कोमट पाण्याने पुसलास. माझ्या पोरीचं अंगही त्या दिवशी तू पुसलं नव्हतंस, शेजारच्या काकूंनी पुसलं.

तू आत गेल्यावर मी उठले, ओली बाळंतीण, आणि ती सिरिंज उकिरड्यावर फेकली. तू मला मारलंस. पोरगी माझ्या हातात असताना मारलंस आणि म्हणालीस, "तू त्यानावर जयस, लहानपनपाईन जयस." खरंच होतं. जळत होते. पण त्या घरात त्याची ती सुई नको असं म्हणणारी मी एकटीच होते, हेही खरं होतं, आणि ते तू कधी मान्य केलं नाहीस. ती पोरगी आता कॉलेजात जाते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली.

तुझ्यामागे त्याने मध्ये काही वर्षं सगळं सोडलं होतं. लग्न केलं, केळीचा बाग धरला, आम्हालाही वाटलं सुटला. मग बायको गेली आणि सुई परत आली. दिवाळीनंतर त्याला ताप भरला. उतरायचा, परत चढायचा. गावात सलाईन झाली, मलेरियाच्या गोळ्या झाल्या. शेवटी मीच गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे नर्सला त्याच्या हाताची शीर सापडेना. तू इतकी पुसलेली, जपलेली ती शीर, माय. दोन्ही हात चाचपून शेवटी तिने मानेजवळ सुई लावली. मग डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवून समजावलं. टोचून घेताना जंतू रक्तात जातात, हृदयाच्या झडपेवर बसतात आणि तिथे त्यांचा लगदा जमतो. त्यातला कण सुटून रक्ताबरोबर मेंदूत गेला तर तिथली वाट बंद होते आणि लकवा मारतो. औषध सुरू झालं की हा धोका भराभर कमी होतो, पण सुरुवातीचे दिवस फार वाईट. "सहा आठवडे इथून हलू देऊ नका," त्या म्हणाल्या. मी विचारलं, माझी आई तर सुई उकळून द्यायची, मग हे कसं झालं? त्या म्हणाल्या, "सुई उकळली, पण कातडी कुठे उकळते? आणि आई गेल्यावर कोण उकळत होतं?" मग पुढे म्हणाल्या, "तुमच्या आईंनी तेव्हा त्याला वाचवलंही असेल." झालं. म्हणजे तिथेही जिंकलीस तूच. मी रात्रंदिवस त्याच्या उशाशी, आणि शाबासकी तुला.

त्याला काही तिथे राहवलं नाही. नशा मिळेना, अंग मोडून यायला लागलं. मी खाली औषधं आणायला गेले तेवढ्यात मानेची पट्टी ओढून पळाला. शोधून शोधून दमले. दुसऱ्या दिवशी सापडला तो इथेच, या स्वयंपाकघरात, चुलीपाशी आडवा. तोंड वाकडं, उजवा हात लाकडासारखा, डोळे उघडे. इतकं मोठं गाव, माझं घर वाटेवर, पण तो आला तो तुझ्याच चुलीशी. त्याला उचलताना मला रडू आलं ते कशाचं, ते मी अजून नीट सांगू शकत नाही. थोडं रडू तरी तुझ्यावरच्या रागाचं होतं.

मग सहा आठवडे मी दवाखान्यातून हलले नाही आणि त्यालाही हलू दिलं नाही. आता तो माझ्याकडे असतो. बोलणं गेलं, एक "हां" तेवढं राहिलं आहे. भूक लागली तरी हां, नको असलं तरी हां. कुठला हां कशाचा ते मला कळतं. दुसऱ्या कोणाला कळत नाही, घरातल्यांनाही नाही. मी भरवते, दाढी करते, लंगडत मोरीपर्यंत नेते. शाळेतून यायला उशीर झाला तर दाराशी येऊन उभा असतो. माझी वाट पाहणारं माणूस म्हणजे हा, ज्याच्यावर मी जन्मभर जळले. झडप खराब झाली आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. होईल ना नीट, असं विचारलं की डॉक्टरीणबाई "बघू" म्हणतात.

आज सकाळी घराचं कुलूप काढलं, तर तो माझा हात सोडून सरळ चुलीपाशी गेला आणि भिंतीकडे, चुलीकडे, फळीवरच्या भगोन्याकडे बघत राहिला. मी "जेवाले काय करू?" विचारलं, त्याने मान वळवली नाही. एवढे महिने मी, आणि दार उघडताच तू! मग मी उंबरठा पुजायला बसले. कुंकवाचं एकेक बोट ओढत पितरांना हाक मारली. आजोबा, आजी, बाप, प्रत्येकाचं पूर्ण नाव घेतलं. तुझं नाव तर आम्ही भावंडं वर्षातून याच दिवशी तोंडाने घेतो. बोट कुंकवात बुडवलं आणि थांबले. बोलावलं की तू येणार, आणि येशील ती त्याच्यासाठीच. तो असा लुळा, मुका, तुझ्या चुलीपाशी बसलेला. तू त्याला मागे ठेवून परत जाशील, यावर माझा विश्वास नाही. तुला त्याच्याशिवाय कधी करमलं होतं?

मी हात पुसायला गेले तर तो फरफटत माझ्या शेजारी आला. डावा अंगठा कुंकवात घातला आणि बापाच्या बोटाशेजारी उमटवला, वाकडातिकडा, फिसकटलेला. तुझी जागा त्याला बरोबर माहीत होती. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नाव काही त्याला घेता येत नाही, ते माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, "लिधं रे, मनमा लिधं." तो म्हणाला, "हां," आणि समाधानाने खाटेकडे गेला.

हा कागद मी फळीवरच्या त्या भगोन्यातच ठेवून देणार आहे, उंबरठ्याबाहेर नेणार नाही. मी नाव घेतलं नव्हतं, माय. मनातसुद्धा नाही. एवढं ऑपरेशन होऊ दे, पुढच्या आखाजीला दोघं मिळून बोलावू. यंदा तू येऊ नकोस.