तीन अकाउंटंट नापास

६ ऑक्टोबर, रविवार

नाही म्हणजे नाही! जेवून हात पुसता पुसता चिरंजीवांनी फर्मावलं. यंदा टॅक्सचं रिटर्न भरायला तिच्याकडे जायचं नाही. ती आता आपली कुणी लागत नाही.

घटस्फोट त्याचा झाला आणि अकाउंटंट माझी गेली. आठ वर्षं माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा टॅक्स सुनेनं भरला. एक नोटीस नाही, एक दंड नाही. त्याच आठ वर्षांत चिरंजीवांनी काय केलं? दोन गाड्या ठोकल्या आणि एक संसार.

"गेलीस तर रविवारचा मी जेवायला येणार नाही," म्हणाला. भरल्या पोटी म्हणाला, आधी नाही.

मुदत महिनाअखेरची. दुसरा माणूस शोधणं आलं.

९ ऑक्टोबर

धाकट्या बहिणीनं एक सुचवला. "ताई, देवमाणूस आहे गं." देवमाणसाची गाडी खालीच उभी होती — दोघांची जागा अडवून, चाकं वाकडी. तिथूनच परत फिरायला हवं होतं. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, माणूस ती कशी लावतो ते पाहिलं की बाकीचं विचारावं लागत नाही.

वर फायलींचे ढिगारे. एका ढिगावर चहाचा कप, कपाखाली कुणाचं तरी नशीब. माझ्या कागदांना हात न लावता म्हणाला, मॅडम, काळजी सोडा. काळजी सोडायला मी दोन जिने चढले नव्हते! शिकवणीची गाडी लवकर झिजते, तिचा घसारा कसा धरता, विचारलं. बघू, कुठेतरी बसवू, म्हणाला.

बसवू! घसारा म्हणजे काय लग्नातला पाहुणा?

१० ऑक्टोबर

बहीण रुसली. मला म्हणे कुणीच पसंत पडत नाही, म्हणूनच तर एकटी — आणि पुढचं गिळलं. गिळलं ते बरं केलं.

१४ ऑक्टोबर

आज काचेचं ऑफिस. सोफा इतका खोल की गुडघे कानाशी आले. समोर एक गुळगुळीत तरुण, पायात बूट आहेत, मोजे नाहीत. माझं आडनाव तीन वेळा तीन तऱ्हांनी उच्चारलं. तुमच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत, म्हणाला. मी म्हटलं, प्रवास नाही, टॅक्स भरायचाय.

जुनी गाडी विकली ते कुठे दाखवाल, एवढंच विचारलं. तो स्क्रीनवर शोधत राहिला. गियर सापडेना की शिकाऊ लोक खाली बघतात, तसा. खाली बघणाऱ्याच्या हाती मी स्टिअरिंग देत नाही.

१७ ऑक्टोबर

आज कुणालाच भेटले नाही. जगातले मूर्ख कमी झाल्यासारखे वाटले.

२० ऑक्टोबर, रविवार

जेवायला चिरंजीव आपल्या अकाउंटंट मित्राला घेऊन आले. मित्र मोठा हुशार. त्याची युक्ती अशी — चिरंजीवांना माझ्या स्कूलमधले पगारी शिक्षक दाखवायचं. फक्त कागदावर. टॅक्स वाचतो. ज्याला आजतागायत उलटी गाडी घेता येत नाही, तो शिक्षक! आणि चिरंजीव मान डोलावतायत.

"काकू, सगळेच करतात हो."

"मग सगळ्यांचं करा," म्हटलं आणि ताटं उचलली.

सुनेनं पहिल्या वर्षी माझ्या पेट्रोलच्या पावत्यांतून एक बाजूला काढली होती. बहिणीकडे लग्नाला गेले होते त्याची. "आई, ही ट्रिप स्कूलची नाही." दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण त्यानंतर दुसऱ्या कुणाला कागद दाखवावेसे वाटले नाहीत.

जाताना चिरंजीव म्हणाले, तिनं तुझे कान भरलेत. वर्षभरात तिचा आवाज ऐकलेला नाही. कान रिकामेच आहेत, म्हणून तर तुझं सगळं स्वच्छ ऐकू येतं, बाळा.

२९ ऑक्टोबर

रिटर्न स्वतःच भरायला बसले. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. फॉर्म कुणी गाढवानं लिहिलाय आणि दुसऱ्या गाढवानं तपासलाय.

३१ ऑक्टोबर

शेवटचा दिवस. गेले.

तिची गाडी जिन्यापाशी. सरळ, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. माझीच विद्यार्थिनी!

बसा म्हणाली आणि हातातली ओळ पुरी करूनच पेन्सिल ठेवली. योग्य केलं. हातातलं टाकून धावत येणारी माणसं मला आवडत नाहीत. मी फाईल पुढे सरकवली. म्हटलं, मुदत आज संपतेय, फी दुप्पट लाव.

"मुदत अजून महिनाभर आहे. तुमच्या नावानं वाढवून घेतलीय मी. पहिल्याच आठवड्यात."

"मला न विचारता?"

"तुम्ही एकेकाला नापास करत बसणार, माहीत होतं. किती झाले?"

"तीन."

तिनं हसू दाबलं. मला दिसलं.

"आणि तुमच्या वतीनं टॅक्सचं बघायचं माझं अधिकारपत्र तुम्ही रद्द केलंच नव्हतं, आई."

राहून गेलं असेल, म्हटलं. माझ्याकडून काही राहून जात नाही, हे ती आठ वर्षांत शिकली आहे. तिनं फाईल उघडली — पेट्रोलच्या पावत्यांपासून. निघताना तिला विचारलं, रविवारी जेवायला काय करू.

१ नोव्हेंबर

चिरंजीवांचा फोन. मला कुणीतरी तिच्या जिन्यात पाहिलं म्हणे. ती आता तुझी सून नाही, आई, म्हणाला.

"तुझी बायको नाही," म्हटलं.

त्यानं फोन आपटला. म्हणजे परवा जेवायला येत नाही.

ताटं तरीही दोनच मांडायची आहेत.