दोरीचं दुसरं टोक

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

बेंबळी,
मंगळवार, २४ ऑक्टोबर १९६१

सौ. विहीणबाई कमलबाईंना बेंबळीहून धुरपदाबाईचा नमस्कार. व्याह्यांनाही सांगा. इकडं सगळी खुशाल आहोत. ज्वारीची पेरणी उरकली. म्हैस व्यायली, रेडी झाली. खरवस केला तेव्हा तुमच्या लेकीनं तुमची आठवण काढली, पण माकणीपर्यंत खरवस न नासता कसा पाठवायचा ते काही मला सुचलं नाही.

पत्र बलभीम वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. बाबा, अक्षर तुझ्या बहिणीचं आहे, बोल माझे आहेत. ही सातवी शिकलेली. मी 'न्हाय' म्हणते आणि ही 'नाही' लिहिते. तेवढी सुधारणा चालवून घ्या. पण मधलं काही गाळू नकोस, कितीही वाटलं तरी.

पंचमीला बलभीम मुराळी होऊन बहिणीला न्यायला आला आणि मी त्याला रिकामा परत पाठवला. लग्नानंतरची पहिली पंचमी. माकणीच्या साऱ्या लेकी झोक्यावर आणि तुमची तेवढी सासरी. त्यानंतर तुमचे निरोप आले, त्यांनाही मी उत्तर दिलं नाही. 'पोरीकडून काही चुकलं का?' असं तुम्ही विचारलं होतं. काय चुकलं असेल ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते आम्हाला कळलं की काय एवढंच तुम्हाला विचारायचं होतं.

तर विहीणबाई, कळलं. गजरा झोपेत उठून चालते हे आम्हाला कळलं. ती इथंच आहे, चांगली आहे, आणि भाद्रपद लागल्यापासून एकदाही उठलेली नाही. आधी हे ऐका आणि पाणी प्या. मग पुढचं.

(ही लिहायची थांबली आहे. मी म्हटलं, "रडायचं तर कागद बाजूला ठिवून रड, शाई पसरंल.")

लग्नात तुम्ही माझा हात धरून म्हणाला होता, पोर भित्री आहे, तिला माळवदावर निजवू नका. मला हसू आलं होतं. वैशाखात अख्खं गाव माळवदावर निजतं. खाली घरात जीव घुसमटतो. आणि ही नवी नवरी हट्टानं खाली, मधल्या खोलीत, घामानं डबडबलेली. आमचा बब्रुवान एस.टी.चा कंडक्टर, निम्म्या रात्री त्याचा मुक्काम बाहेरगावी. घरी असला तरी पाठ टेकली की ढाराढूर, उशाशी हलगी वाजवली तरी उठायचा नाही. तो वर आणि ही खाली. शेजारणी मला विचारायच्या, सूनबाईला नवऱ्याची भीती वाटते का चांदण्यांची? मी काय सांगणार?

पावसाळा लागला, सगळेच खाली निजायला आले. तरी ही वाळतच चालली. भाकरी थापताना डुलक्या. एकदा तव्यावर हात टेकला. एकदा म्हशीच्या पोटाला डोकं लावून धार काढता काढता झोपली, म्हैस बिचारी तशीच उभी. मी आळशी म्हटलं, तुमच्या वळणाला नावं ठेवली, सगळं केलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ही चुलीवर कोरा चहा उकळून प्यायची. पाण्यानं भरलेला तांब्या मांडीवर धरून भिंतीला टेकून बसायची. डुलकी लागली की तांब्या सांडायचा आणि हिला जाग यायची. सकाळी जमीन ओली का म्हणून विचारलं तर म्हणायची, मांजरानं सांडला. आमच्याकडं मांजर नाही.

श्रावण लागताना एका रात्री शिडी करकरली. बब्रुवान गावात नव्हता. बाहेर येऊन बघते तर पोर शिडीच्या वरच्या पायरीवर. हातात रिकामं सूप. डोळे उघडे. पावसानं शिडी बुळबुळीत झालेली, वर माळवदाला कठडा नाही, खाली दगडी उखळ. हाक मारली असती तर दचकून पडली असती. मी मागून चढले, तिचा पदर घट्ट धरला आणि हळूहळू खाली आणली. वासरासारखी मुकाट आली. अंथरुणावर पडली, सूप कुशीत घेऊन झोपली. सकाळी तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पदराला चिखल बघितला मात्र, आणि माझे पाय धरले.

"आईनं शपथ घातली व्हती," म्हणाली. "सासरी कळलं तर बाधा हाय म्हणतील अन् परत धाडतील. म्हणून म्या झोपतच न्हाय, आत्याबाई."

लहानपणापासून तुम्ही तुमच्या पायाचा अंगठा आणि हिचा घोटा लुगड्याच्या काठाच्या दोरीनं बांधून निजायचात, ही उठली की तुम्हाला ओढ बसायची, हेही तिनं सांगितलं. सासरी दोरी कुणाला बांधणार? म्हणून हिनं झोपच सोडली.

मग ते बाधेचं सुरू झालंच. शेजारची शरिफाबी सोडून मी कुणाला बोलले नव्हते, पण पदराचा चिखल गल्लीला दिसला असणार. कुणी देवऋषी सुचवला, कुणी लिंबू. शरिफाबी मात्र म्हणाली, "कुछ बाधा-बिधा नैं. मेरा छोटा भाई भी चलता था. जिस दिन खेत में थकके रात कू जागता, दुसरे दिन चलता. बच्ची कू सोने देव." मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. पुढं श्रावण संपताना हिला ताप आला आणि ही रात्रंदिवस झोपून राहिली. चालणं तर लांबच, कूससुद्धा बदलली नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे ही चालू नये म्हणून जागत होती आणि जागत होती म्हणूनच जास्त चालत होती. बब्रुवाननं उस्मानाबादला नेलं, तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वेळेवर झोप, पोटभर झोप, आणि मनाला घोर नाही. एवढंच औषध. बाटलीतलं काही दिलं नाही म्हणून बब्रुवान जरा नाराज होता.

तेव्हापासून आमच्या घरी असं आहे. दिवेलागणीनंतर चहाचं भांडं पालथं. जेवणं लवकर. शिडी काढून परसात आडवी. दाराची कडी वरची, तिला हात पुरत नाही ती. तापाआधी बब्रुवान घरी असताना दोरी त्याच्या हाताला बांधूनही बघितली होती, पण त्याला ओढून काय उपयोग, तो झोपेतच तिच्या मागं जायचा. ("आत्याबाई, हे नका ना लिहू," म्हणते आहे. लिही म्हटलं.) म्हणून तो पडवीत आणि आम्ही दोघी आत. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, पुढं त्याचा त्यानं संसार करावा.

दसऱ्याला कुणी म्हणालं, तुळजापूरला नेऊन आईला कौल लावा. मी म्हटलं, आता कुठं, आईच झोपली आहे. नऊ दिवस लढून दमली की दसऱ्यापासून पुनवेपर्यंत ती पलंगावर निजते, आणि तिला कुणी आळशी म्हणत नाही. मी मात्र या पोरीला श्रावणापर्यंत म्हणत होते. जेवायला वाढताना मी हे हिला सांगितलं आणि माफ कर म्हटलं. ही ताटातली भाकरी मोडायची सोडून माझ्याकडं बघत राहिली.

काल कोजागरी. सगळी गल्ली दूध आटवत जागी. लक्ष्मी येऊन 'कोण जागं आहे' विचारते म्हणतात. आमच्या दारात तिला उत्तर मिळालं नसणार. बब्रुवान पडवीत घोरत होता आणि आम्ही दोघी आत गाढ. सकाळी शरिफाबी दूध घेऊन आली तेव्हा उठलो.

दिवाळीला बलभीमला पाठवा. या खेपेला रिकामा जाणार नाही. आठ दिवस ठेवून घ्या. तुम्ही दोरी बांधालच, बांधा. पण माळवदावर निजवलीत तरी मी रागावणार नाही, नुसती शिडी काढून ठेवा.

हिला आता जांभया यायला लागल्या. लिहिणं पुरे.

*

विहीणबाई, इथून पुढं अक्षर वेडंवाकडं दिसेल. ते माझं. माझ्या बापानं पोथी वाचण्यापुरतं शिकवलं होतं, म्हणून लिहिताना भाषाही पोथीसारखी येते, पण लिहायचा सराव नाही. पोर निजली आहे. कंदील बारीक करून दाराशी बसले आहे. दोरी माझ्या अंगठ्याला आहे, ती सैल पडली आहे, म्हणजे पोर गाढ झोपली. आता जे सांगायचं ते तिच्या हातून लिहवून घेता येत नव्हतं.

बलभीम, हे तुझ्या आईला हळू आवाजात वाच, आणि बहिणीला कधी बोलू नकोस.

तू पंचमीला आलास तेव्हा मी गजराचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. तुला वाटलं, सणाला नेण्यासाठी. ते सणासाठी नव्हतं. त्यात तिची सगळी लुगडी होती, फणी होती, तुझ्या आईनं दिलेली समई होती. शिडीवरून तिला उतरवल्यापासून माझं डोकं भणभणलेलं. आम्हाला फसवलं, आजारी पोर गळ्यात मारली, एवढंच माझ्या मनात. बब्रुवानला मी काही विचारलं नव्हतं. तुझ्यासोबत घालवायची आणि मागून सांगून पाठवायचं, पुन्हा आणू नका. असं ठरवलं होतं मी. पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती माहेरी जायच्या आनंदात तुझ्यासाठी दिंडं उकडत होती.

तू जेवायला बसलास. मी मुद्दामच खोचून विचारलं, "आई कशी हाय तुजी? झोप लागती का तिला?"

तुला वाटलं मी सहज विचारते. तू म्हणालास, "कशाची झोप, मावशी. गजरी हिकडं आल्यापास्नं आई रातभर पडून असती नुसती. अजूनबी अंगठ्याला दोरी बांधती. दुसरं टोक खाटंच्या खुराला. म्हणती, ओढ बसली तर कळंल."

माझ्या हातातलं वाढायचं तसंच राहिलं.

विहीणबाई, बब्रुवानचे वडील गेल्यापासून मला झोप नाही. कुणाला सांगितलेलं नाही. विधवा बाईनं झोप येत नाही म्हणून कुणाला सांगायचं? दुपारी जरा लवंडावं, रात्री आढ्याकडं बघत पडावं. म्हणून तर शिडीची करकर मला ऐकू आली. मी जागी आहे हे हिला कळू नये म्हणून मी खोटं घोरायची, आणि मी निजले समजून ही पलीकडच्या खोलीत तांब्या धरून बसायची. आम्ही दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकींना फसवत जागत होतो. आणि तिकडं माकणीत तुम्ही, खाटेला दोरी बांधून. एका पोरीपायी तिघी जाग्या.

खाटेला बांधलेली दोरी माझ्या डोळ्यापुढून हलेना. मी आत गेले आणि गाठोडं सोडलं. लुगडी परत दांडीवर टाकली, समई देवापुढं ठेवली. मग बाहेर येऊन बलभीमला म्हणाले, तुझी बहीण येणार नाही, तू जा. जास्त बोलले असते तर तिथंच रडले असते, म्हणून तोंड वाकडं करून बोलले. तो बिचारा खाली मान घालून एस.टी.च्या फाट्याकडं गेला. तुम्हाला वाटलं असेल, सासूनं पोरीला कोंडून ठेवली. मी तिला त्या दिवशी ठेवून घेतली, विहीणबाई. तिला पाठवली असती तर माझं मन पुन्हा फिरलं असतं आणि ती परत आली नसती.

त्याच रात्री मी माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला, तिच्या घोट्याला बांधला आणि दुसरं टोक माझ्या अंगठ्याला. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमची झोपमोड व्हईल." मी म्हटलं, "झोप असली तर मोडंल."

पहिल्या काही रात्री ओढ बसली, मी तिला परत निजवली. ताप उतरल्यावर ओढ बसायची थांबली. आणि मग एक दिवस उजाडल्यावर मला जाग आली, ऊन पायावर आलेलं. किती वर्षांनी, ते मोजलं नाही. पायाला पोर बांधलेली असली की मन दुसरीकडं कुठं जात नाही. मी दुपारचं लवंडणं सोडलं, मिश्री सोडली, पण खरं औषध ती दोरी आहे. तिच्यासाठी बांधली होती, मला लागू पडली. हे गजराला सांगू नका, नाहीतर शेफारून जाईल.

तुम्ही लपवलंत याचा राग होता, आता नाही. माझी लेक असती तर मीही लपवलं असतं.

कंदिलातलं तेल संपत आलं. एक मागणं आहे, ते नाकारू नका. हे पत्र वाचून झालं की खाटेची गाठ सोडा आणि अंगठ्याचीही. तिथं ओढ बसणार नाही. दोरीचं दुसरं टोक इथं बेंबळीत माझ्या पायाला आहे, पोर उठली तर मला कळेल.

आता तुम्ही झोपा, कमलबाई. मी आहे.

तुमची,
धुरपदा